चिकाच्या माऱ्यामागचे खरे कारण

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन बाजूच्या जंगलांतील 'पेरिपॅटस सोलोर्झानोई' या वेल्व्हेट वर्मवरील (अळीसारख्या मऊ शरीराच्या, अनेक आखूड पायांच्या शिकारी प्राण्यावरील) लेख आवडला. २०१० मध्ये शास्त्रीय वर्णन झालेल्या या प्रजातीची मादी २२ सेंटिमीटरपर्यंत वाढते, आणि ज्ञात वेल्व्हेट वर्ममध्ये ती सर्वांत मोठी मानली जाते, हे लेखात यायला हवे होते. मात्र, हा प्राणी तोंडाशेजारचे दोन अवयव स्नायूंच्या बळावर वेगाने हलवून भक्ष्यावर चिकट स्राव फवारतो, हे लेखातील विधान दुरुस्त करावे असे मला वाटते. स्रावाची धार सेकंदाला साधारण ३० ते ६० वेळा डावी-उजवीकडे हेलकावते, आणि इतक्या वेगाने आकुंचन पावणारे स्नायू या सुस्त प्राण्याकडे नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, शरीरातील मोठ्या साठ्यावर सावकाश पडणारा दाब अरुंद नळीतून स्रावाला वेग देतो आणि त्या प्रवाहाच्या अस्थिरतेमुळे लवचीक नळीचे टोक, मोकळ्या सोडलेल्या बागेतल्या पाइपासारखे, आपोआप फडफडते. त्यातूनच भक्ष्याला जखडणारे जाळे विणले जाते. मज्जासंस्थेला यात फारसे काम उरत नाही, हीच मला यातली सर्वांत विलक्षण बाब वाटते.

श्वसनछिद्रे बंद करता येत नसल्याने हे प्राणी दमट जागा सोडत नाहीत, हा लेखातील मुद्दा योग्यच आहे. भारतातही अरुणाचल प्रदेशातील सियांग खोऱ्यात 'टायफ्लोपेरिपॅटस विल्यमसोनी' ही प्रजाती आढळते. १९११ मध्ये मिळालेल्या नमुन्यांवरून प्राणिशास्त्रज्ञ स्टॅन्ली केम्प यांनी १९१३ मध्ये तिचे वर्णन केले होते. तिच्यावर स्वतंत्र लेख वाचायला आवडेल.