एक क्रियापद गळलं म्हणून याजकपद तुटलं?

मॉर्मन या अमेरिकेतल्या पंथाच्या इतिहासावर वाद सुरू झाला की एक दावा हमखास वर येतो. बहुपत्नीत्व न सोडलेल्या फंडामेंटलिस्ट गटांचा तो लाडका. अध्यक्ष हीबर ग्रांट यांच्या कारकिर्दीत, १९२१च्या सुमारास, सॉल्ट लेक सिटीच्या मुख्य चर्चने दीक्षेतलं 'मी तुला याजकपद बहाल करतो' हे वाक्य वगळलं. (याजकपद म्हणजे देवाच्या नावाने विधी करण्याचा अधिकार, एल्डर हे त्यातलं एक पद.) 'मी तुला एल्डर नेमतो' एवढंच उरलं. १९५७मध्ये डेव्हिड मॅके यांच्या काळात ते वाक्य परत आलं. पण मधल्या काळात ज्यांना याजकपद मिळालंच नाही, ते पुढच्यांना कुठून देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शब्द बदलले होते, हे खरंच आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मॉर्मनांच्याच ग्रंथांपुढे टिकत नाही. (मी मॉर्मन नाही, याजकपद खरं की खोटं, हा माझा प्रश्न नाही.)

फंडामेंटलिस्टांचा पहिला आधार म्हणजे '"बहाल करतो" हे शब्द खुद्द बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे आहेत.' पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या सांगण्यानुसार १५ मे १८२९ रोजी योहानाने स्वर्गातून येऊन त्यांच्या आणि त्यांचे सहकारी ऑलिव्हर काउड्री यांच्या डोक्यावर हात ठेवून अहरोनाचं याजकपद, म्हणजे याजकपदाची खालची पायरी, बहाल केलं. वाक्यात ते क्रियापद आहे, मान्य. पण दोनच परिच्छेद पुढे वाचा. स्मिथ लिहितात की मग आम्ही एकमेकांवर हात ठेवले आणि त्याच याजकपदावर एकमेकांना 'नेमलं'. एकाच दिवसाची हकीकत, तीच लेखणी, तेच याजकपद, आणि क्रियापदं दोन. ज्या माणसापासून हे याजकपद सुरू झालं, त्यालाच या दोन शब्दांत जीवनमरणाचा फरक दिसत नव्हता. शिवाय योहानाच्या त्या वाक्यात डीकन, प्रीस्ट अशा कुठल्याही पदाचं नाव नाही. तोच साचा बंधनकारक मानला, तर पदाचं नाव घेणारी आजची दीक्षाही बाद ठरवावी लागेल.

याहून अवघड जागा मॉर्मनच्या पुस्तकात आहे. मरोनीच्या भागातला तिसरा अध्याय जेमतेम चार ओव्यांचा, आणि त्याचा विषयच हा: प्रीस्ट आणि टीचर कसे नेमायचे. हात ठेवून म्हणायचं ते असं, की येशू ख्रिस्ताच्या नावाने मी तुला प्रीस्ट नेमतो. 'बहाल' हा शब्द तिथे औषधालाही नाही! म्हणजे ग्रांट यांच्या काळातला नमुना मॉर्मनांच्या सगळ्यात पूज्य ग्रंथातल्या नमुन्याच्याच जवळचा होता.

'पण विधीचे शब्द चुकले की विधी फुकट', हा पुढचा मुद्दा. 'इंद्रशत्रु'च्या स्वराची गोष्ट ऐकून वाढलेल्या आपल्याला तो चटकन पटतो, आणि मॉर्मनांकडेही असे विधी आहेतच. रविवारी भाकर आणि पाण्यावरची प्रार्थना शब्दन् शब्द ठरलेली असते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा ती म्हणताना अडखळला आणि त्याने स्वतः सुधारलं नाही, तर बिशप, म्हणजे तिथल्या मंडळीचा प्रमुख, हळूच पुन्हा म्हणायला सांगतो. बाप्तिस्म्याचे शब्दही ठरलेले. दीक्षेचं तसं नाही. मुलगा खुर्चीवर बसतो, भोवती पुरुष उभे राहतात. प्रत्येकाचा उजवा हात त्याच्या डोक्यावर, डावा शेजाऱ्याच्या खांद्यावर. बोलणारा पूर्ण नाव घेतो, कोणत्या अधिकाराने बोलतो ते सांगतो, याजकपद बहाल करतो, पदावर नेमतो, मग सुचेल तसा आशीर्वाद देतो. काय काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. वाक्यं ज्याची त्याची. चर्च स्थापन झालं त्या १८३०च्या मूळ नियमांतही एवढंच आहे, की नेमणाऱ्यात असलेल्या पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने नेमणूक व्हावी.

'चूक नव्हती तर १९५७मध्ये शब्द परत का आणले?' तेव्हा जुन्या लोकांना पुन्हा खुर्चीवर बसवून दीक्षा दिली गेली असती, तर ती चुकीची कबुली म्हणता आली असती. तसं काही झालं नाही.

राहिला जोसेफ एफ. स्मिथ यांचा हवाला. ग्रांट यांच्या आधीचे हे अध्यक्ष (संस्थापक जोसेफ स्मिथ वेगळे) पदावर नेमण्यापूर्वी याजकपद बहाल करण्याच्या बाजूचे होते, म्हणून फंडामेंटलिस्ट त्यांचं नाव पुढे करतात. गंमत अशी, की १९०४मध्ये नवी बहुपत्नी लग्नं लावणाऱ्यांना चर्चमधून काढण्याचा इशारा देणारा जाहीरनामा काढला तो याच स्मिथांनी. तो हवाला मात्र ही मंडळी देत नाहीत.