चुली दोन, प्रिंटर एक

मे महिना, बाहेर 45 डिग्री, आणि मी सर्व्हर रूममध्ये. सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची खोली, तिचा एसी बिघडलेला, म्हणून कोण्या दयाळू माणसाने दारात वाळ्याचा कूलर लावून दिलेला. हवा गार, पण इतकी दमट की स्विचला (सगळ्या पीसींच्या वायरी जिथे जुळतात तो डबा) मोड यायचेच बाकी होते.

झालं असं की शुक्रवारी साहेबांनी फर्मान काढलं, अकाउंट्स आणि सेल्सचं नेटवर्क वेगळं कर. केलं. अकाउंट्सला व्हीलॅन 10, सेल्सला व्हीलॅन 20 (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेलं वेगळं नेटवर्क), चोवीस पोर्टच्या एकाच डब्यात दोन चुली मांडल्या, दोघींना आयपी पत्ते दिले, सेव्ह केलं आणि घरी जाऊन झोपलो. शनिवारी सकाळी अकाउंट्सच्या मॅडमचा फोन, "काहून रे भाऊ, बिलं नाही निघून राहिले?" कारण प्रिंटर आहे सेल्समध्ये. साहेब म्हणे, "वेगळं कर म्हटलं होतं, बोलणं बंद कर कुठं म्हटलं होतं बे?"

तर चूल वेगळी पण बोलणं चालू, याला आम्हा नेटवर्कवाल्यांत इंटर-व्हीलॅन राउटिंग म्हणतात. नागपूर मेट्रोची ऑरेंज लाइन वेगळी, अ‍ॅक्वा लाइन वेगळी, पण सीताबर्डीला उतरून गाडी बदलता येते ना, तसं. आमचा स्विच लेयर 3 चा, म्हणजे सीताबर्डी त्याच्या पोटातच. ऐटीत सांगून बसलो, दहा मिनिटं द्या.

दोन तास गेले. स्विचवरून अकाउंट्सला पिंग (म्हणजे नेटवर्कवरची हाक) जाते, सेल्सला जाते, पण इकडून तिकडे काही केल्या जात नाही. वायरी काढल्या, लावल्या, फुंकरही मारली (फुंकरीने आजवर काही चालू झालेलं पाहिलं नाही, तरी मारतोच). शेवटी शो आयपी राउट ही रस्ते दाखवणारी कमांड मारली तर रस्त्यांऐवजी स्विच म्हणतो, डीफॉल्ट गेटवे इज नॉट सेट. म्हणजे राउटिंग बंदच. हात्तिच्या! आयपी राउटिंग ही दोन शब्दांची कमांडच दिली नव्हती. लाइनी टाकल्या, स्टेशन बांधलं, कुलूप उघडायचंच राहिलं.

दिली. तरी सेल्सचा पीसी पिंगला ओ देईना, कारण विंडोजचा फायरवॉल, स्वतःच्या सबनेटमधल्याने, म्हणजे आपल्याच चुलीवरच्याने, हाक मारली तर ठीक, शेजारचा आला की दार लावून गप्प. यात अजून एक तास गेला आणि तोवर राउटिंग बिचारं केव्हाचं नीट चालू होतं. मग प्रिंटर. त्याला डेटाची पाकिटं पोचत होती पण त्याचा गेटवेचा (बाहेर जायच्या दाराचा) रकाना कोरा, म्हणजे प्रिंटरसाहेब सीताबर्डीहून आलेल्याचं ऐकून घेणार, पण उत्तर कोणत्या रस्त्याने धाडायचं ते माहीत नाही. तिथे 192.168.20.1 टाकलं आणि अख्खं बिल खडखडत बाहेर आलं.

मॅडमनी खुशीत सगळ्यांसाठी तर्री पोहे मागवले. मी पहिला घास घेतला आणि लाइट गेली. यूपीएस दोनदा बोंबलला, मेला, तेव्हा कळलं की त्या दयाळू माणसाने कूलरची पिन कुठे खोचली होती. लाइट आल्यावर स्विच उठला तर त्याला शुक्रवारचं सगळं आठवत होतं, शनिवारचं काहीच नाही, कारण आनंदात राइट मेमरी, म्हणजे सेव्हची कमांड, मारायचं मी विसरलो होतो. चुली जागच्या जागी, बोलणं पुन्हा बंद.

मी लॅपटॉप उघडायला उठलो. मॅडम म्हणाल्या, "बस रे, खाऊन घे आधी, तर्री थंडी होऊन राहिली."