मावशी, लाईनीत या!

आत्ता तासाभरापूर्वी कळसूबाईहून घरी आले. पोटऱ्या भरून आल्यात, डोकं त्याहून जास्त तापलंय. आंघोळ करून सरळ झोपणार होते, पण हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

नवरात्रातला रविवार, पाऊस उघडलेला, सोनकीची पिवळी फुलं ऐन भरात. गर्दी असणार हे न कळायला मी काही काल डोंगर चढायला लागलेले नाही. घोटी सोडलं तशी टेम्पो ट्रॅव्हलरची रीघ लागली. पायथ्याच्या बारी गावात तर गाड्या भाताच्या बांधावर चढवून लावलेल्या. भात निसवलाय, लोंब्या धरल्यात, आणि त्याला खेटून आमची चाकं. असो. त्यावर लिहायला बसले तर रात्र संपेल.

मला लिहायचंय ते वाटेवरच्या लोखंडी शिडीपाशी घडलं त्याबद्दल.

शिडीच्या पायथ्याशी रांग तुंबली होती. वर शिडीच्या मधोमध एक मुलगी चार पायऱ्या चढायची, मागे वळून केस उडवायची, परत उतरायची. खालून रील चालू. माझ्या पुढे एक आजी. अनवाणी. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, हातात कापडी पिशवी, त्यात नारळ, खण, ओटीचे तांदूळ. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि शिडीचा नाद सोडून बाजूच्या कातळावर पाय टाकला. शिड्या बसायच्या आधी सगळं गाव तिथूनच चढायचं की! तेवढ्यात पाठीवर ग्रुपचं नाव छापलेला टी-शर्ट घातलेला, पंचविशीतला एक 'लीडर' ओरडला, "ओ मावशी, लाईनीत या! जरा शिस्त पाळा!"

शिस्त म्हणे. रील काढायला रांग तुंबवलीत तुम्ही, आणि शिस्त त्यांना शिकवताय.

ज्या देवीची ओटी भरायला त्या निघाल्या होत्या तिच्याबद्दल त्या पोराला काही ठाऊक असेल तर शपथ. त्याच्या बसमध्ये कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्राचं एव्हरेस्ट, विषय संपला. माहीत नसेल तर ऐका. कळसू ही कोळ्याची पोर, डोंगरात भटकायची आवड असलेली. इथल्याच इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली ती अट घालून. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. बरेच दिवस नीट गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला भांडी घासायला लावलीच. तिने घासली, आणि तडक उठून डोंगर चढून गेली. शेवटपर्यंत वरच राहिली. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. अशी मानी बाई आहे ती. आणि तिच्या दारात आपण काय टाकून येतो? वेफर्सची पाकिटं, एनर्जी ड्रिंकचे डबे, ओले वाइप्स. वाइप्स! घाम पुसायला गमछा जड होतो यांना.

गारद, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची ललकारी, ती तर विचारूच नका. प्रत्येक ग्रुपची वेगळी, व्हिडिओसाठी दोनदोनदा. महाराजांबद्दल मला कुणी शिकवू नये, पण अरे, हा किल्ला नाहीये रे बाबांनो! देवीचं ठाणं आहे. तिचा उदो म्हणा की एकदा, नवरात्र चालू आहे.

आणि सोनकी. उतारावर पिवळंधमक दिसतं म्हणून आत घुसून, आडवं पडून फोटो. त्या झाडाचं आयुष्य केवढं? पावसावर उगवायचं, शरदात फुलायचं, माती सुकायच्या आत बी टाकायचं आणि वाळून जायचं. बी धरायच्या आधीच तुडवलं तर पुढच्या वर्षी तिथे उगवणार काय, तुमचे लाइक? आज वाटेच्या दोन्ही अंगांना नुसता चिखल होता, जिथे फुलं असायला हवीत तिथे. फुलं बघायला साताऱ्याजवळच्या कास पठारावर जा म्हणावं. तिथे निदान आधी बुकिंग करावं लागतं, दिवसाला किती माणसं सोडायची ते ठरलेलं असतं. कास २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं, आणि फुलांत घुसणाऱ्यांवर शिट्टी मारायला तिथे माणूस असतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हेही अभयारण्यच आहे, पण इथे कोण कुणाला अडवतंय?

हो, माहितीये, आता कुणीतरी म्हणणार की गर्दीवर बारीतली घरं चालतात. चालतात. वाटेवरच्या झोपडीत मी आज स्वतः पिठलं-भाकरी खाल्ली, ती बाई म्हणाली की या दोन महिन्यांवरच पोरांच्या शाळेचं भागतं. मान्य. पण बसवाले नाश्ता शहरातून पॅक करून आणतात, हेही तिनेच सांगितलं.

आणि आमची जुनी मंडळी, तुम्हीही फार खूश होऊ नका. "डोंगर खऱ्या ट्रेकर्ससाठी ठेवा", "आमच्या वेळी असं नव्हतं" वगैरे कमेंट टाइप करायला घेतल्या असतील तर पुसा. आज वर सातपूरच्या एका कंपनीतल्या चारपाच पोरी भेटल्या. कँटीनला काम करतात. एकीच्या पायात साधी चप्पल, तीही प्लास्टिकच्या सुतळीने बांधलेली. धुकं फाटलं आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसलं, पलीकडे अलंग-मदन-कुलंग हे किल्ले उभे राहिले, तेव्हा ती पोर "आई गं" एवढंच म्हणाली आणि खाली बसली. नाशकातच वाढलेली, पण कधी डोंगरावर आली नव्हती. हिला कोण सांगणार की तू खरी ट्रेकर नाहीस, घरी बस? मी तरी नाही. तिला मी माझा अर्धा राजगिऱ्याचा लाडू दिला, आणि ती कागद खिशात घालताना बघून मला उगाचच भरून आलं.

मग देवळाकडे वळले, आणि पुन्हा डोकं फिरलं.

देऊळ केवढंसं! चार माणसं आत गेली की भरलं. दाराशी झेंडा घेऊन एका ग्रुपचं फोटोसेशन. त्याच पोरांचं. आजी केव्हाच्या वर पोचल्या होत्या, कातळावरून आल्या ना, आमच्या रांगेच्या कितीतरी आधी. ओटी भरून झाली होती. आणि आता त्या उंबऱ्याजवळ वाकून पाकिटं गोळा करत होत्या. एकेक उचलून, झटकून, त्याच कापडी पिशवीत, जिच्यातून नारळ आणला होता. मी धावत जाऊन हात लावला तर म्हणाल्या, "राहू दे बाई, आमचंच हाये." कळसूच्या दारात, कळसूच्या माणसांनी, आपला केर काढायचा. त्या लीडरला मी हाका मारून दाखवलं. "मॅडम, आमच्या ग्रुपचा नाहीये तो कचरा," म्हणाला.

नवरात्राचे नऊ दिवस तरी बाहेरच्या बस बंद करा. बाकीच्या दिवसांना कासासारखा आकडा ठरवा, आणि तो मोजायचं काम आणि त्याचे पैसे बारीच्या लोकांकडे द्या. कासलाही सगळं गोडीगुलाबीने चालतं असं नाही, पण निदान फुलं शिल्लक आहेत.

कमेंटमध्ये ग्रुपचं नाव विचारू नका, सांगणार नाही, आणि एकच ग्रुप थोडाच आहे. हे लिहिता लिहिता मध्येच फीडमध्ये जाहिरात आली. 'गोल्डन कळसूबाई, पुढचा रविवार, शेवटच्या काही जागा.' ८९९ रुपये. नाश्ता धरून.