मळमळीवर पेनकिलर? तो मेसेज पुढे पाठवू नका

"मळमळतंय? एक कॉम्बिफ्लाम घ्या. डोकं उतरतं, पोटही शांत होतं. त्यात पॅरासिटामॉल आहे, त्यामुळे बाधत नाही. रिकाम्या पोटी लवकर लागू पडते." काल एक मुलगा हा मेसेज दाखवून आमच्या मेडिकलवर गोळी मागत होता. काउंटरवर मीच होते, म्हणून लिहितेय.

'पॅरासिटामॉल आहे, बाधत नाही.' त्या गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, आणि आयबुप्रोफेन हे दुसरं पेनकिलर ४०० मिलिग्रॅम. जठराच्या अस्तराला आम्लापासून जपणारी प्रोस्टाग्लँडिनं (शरीरातच तयार होणारी रसायनं) आयबुप्रोफेन कमी करतं. त्यातून जळजळ, मळमळ, कधी अल्सरसुद्धा. सोबतचं पॅरासिटामॉल हे थांबवू शकत नाही.

'रिकाम्या पोटी घ्या.' आधीच ढवळणाऱ्या पोटात? काहीतरी खाऊन घेतली तर निदान जळजळ कमी होते. पण औषध रक्तातूनही जठरावर परिणाम करतं, म्हणून दोन बिस्किटांनी धोका टळला असंही समजू नका.

'पोट शांत होतं.' काहींना खरंच बरं वाटतं, ते मी नाकारत नाही. पाळीच्या वेळी गर्भाशयाला पेटके आणणारी प्रोस्टाग्लँडिनंच मळमळही आणतात, तिथे आयबुप्रोफेन किंवा त्याच गटातल्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडने दोन्ही कमी होतं. मायग्रेनमध्येही डोकं उतरलं की मळमळ जाते. मात्र मायग्रेनचा झटका आला की जठराचं काम मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते, म्हणून डॉक्टर अनेकदा सोबत डॉमपेरिडोन हे मळमळीचं, जठर हलतं ठेवणारं औषध लिहून देतात. म्हणजे आराम पडतो तो मूळ दुखणं कमी झाल्यामुळे. पित्ताच्या, बाहेरच्या खाण्याच्या किंवा गाडी लागल्याच्या मळमळीवर ही गोळी काही करत नाही.

मग नुसतं पॅरासिटामॉल? पोटाला सौम्य, पण मळमळीचं औषध नव्हे. मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम. ६५० मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या म्हणजेच ३.९ ग्रॅम, आणि सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच असतं. जास्त झालं तर पहिलं लक्षण मळमळ-उलटीच. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि आत यकृत बिघडत जातं. त्या मळमळीवर आणखी एक गोळी घेतली तर काय होईल?

कालच्या मुलाला रात्रीपासून उलट्या-जुलाब होत होते, ओठ सुकलेले, लघवी सकाळपासून नाही. अंगातलं पाणी आटलेलं असताना आयबुप्रोफेन मूत्रपिंडाला इजा करू शकतं. मी गोळी दिली नाही. ओआरएस दिलं, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून घोट-घोट प्यायला सांगितलं, आणि रिक्षा थांबवून त्याला डॉक्टरांकडे पाठवलं.