शिल्लक

"लघवी आली का?"

हा प्रश्न मला याआधी आईने विचारला होता, तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. परवा शनिवारी तो काउंटरवरच्या मुलीने विचारला. पंचवीस माणसांदेखत, आणि त्यांत आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी.

फुल बॉडी चेकअप ही बायकोची कल्पना. पन्नाशी उलटली, शिवाय जुन्या करपद्धतीत आयकराच्या ८०डी कलमाखाली अशा तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत उत्पन्नातून वजा होत होते आणि मार्च संपत आला होता. आमच्या घरात माझ्या यकृतापेक्षा ८०डीची काळजी जास्त. मीही चार दिवस बिनसाखरेचा चहा पिऊन तयारी केली होती. पण एचबीएवनसी नावाची रक्तातल्या साखरेची तपासणी तसल्या चार दिवसांना भीक घालत नाही. ती साधारण मागच्या तीन महिन्यांचं उकरून काढते, म्हणजे संक्रांतीच्या गुळपोळ्यांसकट.

रक्त दिलं, ते सोपं. मग सोनोग्राफी. ती उपाशीपोटी, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं. आणि मूत्राशय मात्र तुडुंब हवं. पोट रिकामं, खालचा मजला भरलेला, आणि डॉक्टर? "सिग्नलला आहेत." साडेनऊलाही सिग्नलला होते, साडेदहालाही.

"पहिल्यांदाच ना?" शेजारच्या काकांनी विचारलं. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत अकरा वर्षांचे रिपोर्ट, तारखेनुसार टाचलेले. "वाटलंच. कूलरशेजारी बसलात! तो गळतोय. त्या आवाजाने भलेभले उठतात."

मी जागा बदलली. कूलर आता ऐकू येत नव्हता, दिसत मात्र होता.

"किती ग्लास?"

"सहा."

"एकदम? अरेरे. दर दहा मिनिटांनी अर्धा घ्यायचा असतो. बरं, नंतर रिकामं करायला पाठवतात, माहितीये ना? परत आलात की किती उरलंय ते बघतात."

"उरलंय म्हणजे?"

"शिल्लक! प्रोस्टेट वाढली की शिल्लक राहते. माझी गेल्या वर्षी ४५ मिली होती. यंदा तिशीच्या आत आणायचीये." कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलावं तसं ते बोलत होते.

पावणेअकराला मी हरलो. जाऊन आलो, तर दारात माझ्याच नावाचा पुकारा.

"अहो, सगळी केलीत?" मुलगी ओरडली. "थोडीशीच करायची ना!"

"थोडीशी करून थांबणं," काका सेक्रेटरींकडे वळून म्हणाले, "सवयीने जमतं." सेक्रेटरींनी गंभीरपणे मान डोलावली. आता हे पुढच्या मीटिंगच्या इतिवृत्तात येणार.

पुन्हा सहा ग्लास. माझं ठीक आहे, मी तक्रार करायला जन्मलोय. पण समोर एक आजी होत्या, मधुमेही, आदल्या रात्री साडेआठपासून उपाशी. हात थरथरत होते. मुलगा दोनदा काउंटरवर जाऊन आला. दोन्ही वेळा "टोकनप्रमाणेच" हे उत्तर. तेवढ्यात कडक इस्त्रीचे एक साहेब आले आणि टोकनबिकन न घेता थेट आत गेले. भिंतीवर मात्र हसरी म्हातारी आणि 'तुमचं आरोग्य, आमची काळजी'. शेवटी काकांनीच पिशवीतून लिमलेटची गोळी काढून आजींच्या हातावर ठेवली. "सोनोग्राफी उद्या होईल," मुलाला म्हणाले, "आईला आधी सांभाळ." काउंटरवरची मुलगी "उपाशीपोटी आहेत त्या!" म्हणून ओरडली. तिच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

माझा नंबर साडेअकराला लागला. थंडगार जेल, बरगडीत रुतणारा प्रोब, "श्वास धरा", आणि मग "सोडा" म्हणायला विसरलेले डॉक्टर. संध्याकाळी रिपोर्ट. एचबीएवनसी ५.९, फॅटी लिव्हर ग्रेड १. पॅकेजमधला डॉक्टरांचा सल्ला दोन मिनिटांचा, त्यातलं दीड मिनिट फोनवर. "काठावर आहात. वजन कमी करा." हे तर बायको फुकट सांगते.

जिन्यात काका भेटले. चेहरा उतरलेला.

"६२," ते म्हणाले. "तुमची?"

माझी १२ होती.

"७०," मी म्हणालो.

"७०? या वयात?" काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली, आणि खालच्या रिक्षा स्टँडपर्यंत मला पाणी कधी, किती आणि कसं प्यायचं ते समजावत राहिले.