वकिली देशभर, जाब मात्र सनदेच्या गावी

रात्रभर बसमध्ये अवघडून परराज्याच्या राजधानीत गेलो आणि काय बघितलं? एक पाकीट. आमच्या तक्रारीवरून तिथल्या बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणाऱ्या संस्थेने, आमच्या वकिलाला पाठवलेली नोटीस, तिसऱ्यांदा परत आलेली. वर पोस्टमनने लाल पेनाने शेरा मारलाय, ‘लेफ्ट’, म्हणजे पत्ता सोडून गेला. अहो, तो माणूस दर मंगळवारी आमच्या तालुक्याच्या कोर्टात असतो! बाररूममध्ये खिडकीजवळची खुर्ची त्याची ठरलेली. झेरॉक्सवाल्यालासुद्धा त्याचा नंबर पाठ आहे.

वडिलांच्या जमिनीचा दावा त्याच्याकडे होता. फी आगाऊ घेतली, लागोपाठ तीन तारखांना फिरकला नाही, दावा गैरहजेरीत निकाली निघाला. आम्हाला कळलं चार महिन्यांनी, तेही दुसऱ्याच एका पक्षकाराकडून.

तक्रार घेऊन आधी आपल्या राज्याच्या बार कौन्सिलकडे गेलो. तिथल्या माणसाने वकीलपत्रावरचा सनद क्रमांक बघितला आणि सांगितलं, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, शेजारच्या राज्याची आहे, तिकडे जा. त्याचं काही चुकलं नाही. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टचं कलम 35 तसंच आहे, ज्या राज्याच्या यादीत वकिलाचं नाव, कारवाई त्याच राज्याच्या कौन्सिलने करायची. पण त्याच कायद्याच्या कलम 30 नुसार वकिलाला देशभरात कुठेही वकिली करता येते, 2011 पासून ते लागू आहे. कमवायला सगळा देश मोकळा, आणि बुडालेल्या पक्षकाराने दाद मागायला परराज्यात खेटे घालायचे? हा कुठला न्याय?

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम तर याहून चीड आणतो. वकील ज्या राज्यात नेहमीची वकिली करतो, तिथल्या यादीत नाव वळवण्याचा अर्ज त्याने सहा महिन्यांत केला नाही, तर तेच व्यावसायिक गैरवर्तन धरलं जातं. आमचा हा नऊ वर्षं इथे वकिली करतोय, नऊ वर्षं! आणि या गैरवर्तनाची चौकशी कोण करणार? पुन्हा त्याच परराज्यातल्या कौन्सिलची शिस्तपालन समिती, जिची नोटीस त्याला लागत नाही.

का लागत नाही? कारण ती जाते सनद घेताना दिलेल्या पत्त्यावर. तिथे तो भाड्याने राहायचा, आता मोबाइलचं दुकान आहे. माझ्याकडे वकीलपत्राची प्रत आहे. खाली त्याचा रबरी शिक्का, त्यात ऑफिसचा पत्ता, मोबाइल, ई-मेल, सगळं. ती प्रत मी तक्रारीला जोडली होती. 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, खुद्द सुप्रीम कोर्टाने ई-मेल आणि व्हॉट्सॲपसारख्या ॲपवरून नोटिसा बजावायला परवानगी दिली. कलम 42 ने शिस्तपालन समितीला माणूस हजर करण्यासाठी दिवाणी कोर्टासारखे अधिकार दिलेत. एवढं हाताशी असताना पाकीट त्याच बंद दारावर तीन-तीनदा का पाठवता?

एका वर्षात तक्रारीचा निकाल लागला नाही तर कलम 36 ब प्रमाणे प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. म्हणजे दिल्ली. माझे दहा महिने पाकिटाच्या येण्या-जाण्यात गेले. आता 71 वर्षांच्या वडिलांना घेऊन दिल्लीच्या वाऱ्या करू?

येत्या मंगळवारी आमच्या कोर्टाच्या बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, त्याची दोन प्रकरणं आहेत. अकरा वाजता तो त्या खुर्चीत असेल. तिथे बजवा नोटीस.