आई, पंक आणि सेफ्टी पिन

२००४ च्या मे महिन्यात आई लंडनला आली होती, आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिचं टॉवर ब्रिज, राजवाडा, नीसडनचं स्वामीनारायण मंदिर सगळं बघून झालं होतं, त्यामुळे शनिवारी मी सकाळी सकाळी दोन्ही गुडघे पट्ट्याने जोडलेली पँट चढवून गुपचूप एकटाच निघायच्या बेतात होतो तेवढ्यात ती पर्स घेऊन दारात उभी. "मी पण येते. कसलं प्रदर्शन आहे?" म्हटलं, आई, पंकचं. "पंक म्हणजे चिखल ना रे?"

आता काय सांगणार. पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं इंग्लंडमधलं बंडखोर संगीत आणि त्याचा तसलाच पेहराव. डोंबिवलीत अकरावीत असताना सेक्स पिस्टल्सची कॅसेट मिळाली होती, कोणीतरी कोणाकडून तरी टेप करून घेतलेली, आणि बँडचं नाव घरात दिसू नये म्हणून तिच्यावर मी 'अभंगवाणी' असं लिहिलं होतं. बाबांनी एका एकादशीला ती लावली. त्या सकाळबद्दल आमच्या घरात अजून कोणी बोलत नाही.

तर हे प्रदर्शन व्हिव्हियन वेस्टवूडचं होतं. हयात असलेल्या ब्रिटिश डिझायनरवर व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तोवर केलेलं सगळ्यात मोठं. पंकचे कपडे शिवले तिने, आणि तिच्या जोडीदाराने, माल्कम मॅक्लॅरनने, ते ज्या पोरांच्या अंगावर चढवले ती पोरं म्हणजे पिस्टल्स. माझ्यासाठी ही पंढरीच, फक्त हाउन्स्लोवरून पिकॅडिली लाइनने थेट जाता येते एवढाच फरक.

म्युझियमचं नाव ऐकून आई म्हणाली, "हे तर आपल्या राणीच्या बागेत पण होतं की." खरंय, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड पूर्वी व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं, १९७५ पर्यंत. मी वैतागलो, कारण हे मला माहीत नव्हतं. म्युझियम फुकट पण प्रदर्शनाला वेगळं तिकीट, ते बघून तिने ताबडतोब ८० ने गुणलं आणि गप्प बसली. आईचं गप्प बसणं हे बोलण्यापेक्षा महाग पडतं.

आत शिरलो. मंद दिवे, काचा, आणि काचेमागे माझं तारुण्य. खरं तर माझं नाहीच ते, मी जन्मायच्या आसपासचं आणि सात हजार किलोमीटर लांबचं, पण भक्ताला असले हिशोब लागत नाहीत. त्या गुडघ्याला गुडघा बांधणाऱ्या पँटी, ते लांब बाह्यांचे मलमलचे सदरे, जागोजागी क्लिपा आणि कड्या. मी श्वास रोखून उभा, आजूबाजूला पर्ल नेकलेस घातलेल्या आज्या, पोरांना घेऊन आलेल्या शाळेच्या बाई, आणि सगळ्या गर्दीत पंकसारखा दिसणारा मी एकटाच. एका आजीबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं, बहुतेक मी प्रदर्शनातलाच असेन असं वाटलं असावं, कारण माझं लेबल शोधत होत्या.

आणि आई? आईने वीस वर्षं घरी ब्लाऊज शिवलेत, फॉल-पिको केलाय, अर्ध्या टिळक नगरच्या मुंढ्याची मापं तिला तोंडपाठ आहेत. ती काचेला नाक लावून. "अरे, हा चौकडा बघ. शिवणीवर रेघेला रेघ जुळवलीय. किती कापड वाया गेलं असेल!" म्हटलं आई, हे बंड आहे, राणीच्या विरुद्ध, समाजाच्या विरुद्ध. "असेल रे, पण उरेब कापलंय, अस्तर बघ कसं बसवलंय. ही बाई शिकली कुठे?" सांगितलं, स्वतःच शिकली, जुने कपडे उसवून बघायची, आणि त्याआधी प्राथमिक शाळेत शिकवायची. "मास्तरीण होय! तरीच." त्यानंतर वेस्टवूड आमच्या घरातली झाली.

पुढे १९८१ चे चाचे लोकांचे झगे, १९८५ चा तो छोटुकला फुगीर परकर, जुन्या चित्राची छापील चोळी, सगळ्याला आईकडे मत तयार. मला मात्र आतल्या आत गुदगुल्या झाल्यासारखा राग येत होता. मी इतकी वर्षं मानत होतो की हे सगळं रागाने फाडलेलं आहे. आई म्हणते, "फाडलंय कुठे? कडा बघ, आधी दुमडून टीप मारलीय. फाटल्यासारखं दिसावं म्हणून जास्त मेहनत लागते, तुझी पँट मात्र खरीच फाटलीय."

माझी पँट कॅमडन मार्केटची होती, पंधरा पौंडाची.

मग ते निळे बूट आले. १९९३ साली पॅरिसमध्ये मॉडेल नेओमी कॅम्पबेल ज्यांच्यावरून रॅम्पवर बसकण मारून पडली ते, नऊ इंचाच्या आसपास टाच. पडल्यावर ती हसत होती म्हणे. मी आईला हे सगळं साग्रसंगीत सांगत, हात हलवत, एक पाऊल मागे आलो. गुडघ्यांमधला पट्टा ताणला गेला. पुढचं मला नीट आठवत नाही, फक्त 'टर्र' एवढं आठवतं, आणि त्या बुटांच्या अगदी समोर मी बसलेलो, आणि पर्लवाल्या आजीबाई "ओ डिअर" म्हणतायत. हसू आलं नाही मला. नेओमीच्या पँटची शिवण उसवली नव्हती.

आईने बांगडीतून सेफ्टी पिन काढली. मग दुसरी. मग मंगळसूत्राला अडकवलेली छोटी. माझ्या जॅकेटला चौदा पिना होत्या, हौसेने लावलेल्या, गंजलेल्या, एकही उघडेना. "या शोभेच्या," ती म्हणाली, आणि भर गॅलरीत खाली बसून मला मागून तीन ठिकाणी टाचलं.

तशाच अवस्थेत मी तिला किंग्ज रोडवर वेस्टवूडच्या ४३० नंबरच्या दुकानापर्यंत चालवत नेलं. दारावर तेरा आकड्यांचं उलटं फिरणारं घड्याळ आहे. आईने बराच वेळ बघितलं. "मग बीपीची गोळी कधी घ्यायची?"

घरी आल्यावर तिने पँट मागितली, शिवण दुहेरी घातली आणि तो मधला पट्टा सरळ कापून टाकला, चांगला मजबूत आहे म्हणाली. हल्ली डोंबिवलीला गेलो की तो दिसतो. भाजीच्या पिशवीचा बंद म्हणून लावलाय, कडीसकट.